बाटलीचा आवाज

माझ्या विषयाची काळजी आमच्या मुख्याध्यापकांपेक्षा शाळेसमोरच्या स्टेशनरीवाल्याला जास्त होती. जूनमध्ये शाळा उघडली की तो मला रस्त्यातच गाठायचा. "बाई, यंदा टाकाऊतून टिकाऊ कधी ठेवलंय? काड्या मागवून ठेवतो." काड्या म्हणजे आइस्क्रीमच्या. कोऱ्या करकरीत, पाकीटबंद. टाकाऊ वस्तूंपासून शोभेच्या वस्तू बनवायच्या स्पर्धेसाठी मुलं त्या विकत घ्यायची आणि बरोबर चमकी, टिकल्या, गोंदाची बाटली. एका मुलाच्या वडिलांनी तर नवीन कोल्ड्रिंक आणून मोरीत ओतून दिलं होतं, कारण चिरंजीवांना पेंग्विन करायला रिकामी बाटली हवी होती. हे त्या मुलाने मला मोठ्या अभिमानाने सांगितलं. आणि मी त्याला दुसरा नंबर दिला, कारण पेंग्विन खरंच झकास झाला होता.

मी कार्यानुभवाची शिक्षिका. कार्यानुभव म्हणजे मुलांनी हाताने काहीतरी करायचा तास. हा तास वेळापत्रकात छापलेला असतो आणि परीक्षा जवळ आली की गणिताचे सर तो घेऊन जातात. कोपरखैरण्यात, बोनकोडे गावाच्या कडेला असलेल्या एका मराठी शाळेत मी हा तास तीसेक वर्षं घेतला, निदान घ्यायचा प्रयत्न केला. ओला कचरा, सुका कचरा, पुनर्वापर हे सगळं वरून परिपत्रकं येऊन माझ्या गळ्यात पडलं. दुसरं कोण करणार होतं? दिवाळी अंकासाठी लिहा म्हणाले, मुलांना खेळांतून कचऱ्याबद्दल कसं शिकवलंत ते लिहा. मी चटकन हो म्हटलं आणि मग तीन आठवडे कागदाला हात लावला नाही. त्या विषयावर लिहायचं तर मनीषाबद्दल लिहावं लागतं, आणि ते मी आजवर टाळत आले आहे.

पेंग्विनचं प्रदर्शन लागलं होतं त्याच दिवशी मनीषा माझ्या नजरेत भरली. सहावीतली मुलगी, सडपातळ, दोन घट्ट वेण्या. सगळी मुलं वा वा करत होती आणि ही त्या पेंग्विनकडे एखाद्या आजारी माणसाकडे बघावं तशी बघत होती.

"काय गं, आवडला नाही?"

"छान आहे बाई. पण ही बाटली मेली ना आता."

"मेली म्हणजे?"

"गोंद लागला, चमकी लागली. आता हिला कोणीच घेणार नाही. नुसती बाटली असती तर तिची परत बाटली झाली असती, नायतर दोरी, नायतर चटई. आता हा धूळ खाईल आणि मग कचऱ्यात जाईल."

मी इतकी वर्षं ज्याला पुनर्वापर म्हणत होते, तो चांगल्या भंगाराचा कचरा करण्याचा उद्योग होता, हे सहावीतल्या पोरीने एका वाक्यात सांगितलं होतं. त्या वर्षानंतर मी ती स्पर्धा बंद केली. स्टेशनरीवाला अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

मग मी मनीषाला मधल्या सुट्टीत बोलवायला लागले. शिकवायला नाही, शिकायला. पाण्याची बाटली दाबली की कडकड वाजते. शांपूची बाटली ठोकली की डबडब असा बसका आवाज येतो, त्या जातीला ती 'फुगा' म्हणायची. लग्नात मिळतात तसले पांढरे पेले काटकन मोडतात. चिप्सचं पाकीट चुरगाळून मुठीत धरलं आणि सोडलं की चुरचुरत पुन्हा उलगडतं, ते कुणीच घेत नाही. दुधाची पिशवी चुरगाळली की मऊ पडून राहते. "आणि बाई, पिशवीचा कोपरा पूर्ण कापायचा नाय. तुकडा लटकता ठेवायचा. सुटा तुकडा हाताला लागत नाय, तो गटारात जातो." मी घणसोलीत जन्मले, घणसोलीतच दिलेली, दुधाच्या पिशव्या येण्याआधीपासून दूध तापवते आहे. ही साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

यातून आमचा 'आवाज ओळखा' तयार झाला. डोळ्यांना पट्टी बांधायची. माझ्या जुन्या साडीचे काठ कापून मी पट्ट्या शिवल्या होत्या. मागे उभ्या असलेल्या मुलाने एक वस्तू कानाशी वाजवायची. पट्टीवाल्याने ती ओळखायची आणि लंगडी घालत बरोबर पिंपात नेऊन टाकायची. पोरं अक्षरशः वेडी झाली. वर्गावर्गांत सामने लागले. गणिताचे सर तास मागायला आले तर मुलांनी त्यांनाच पट्टी बांधली, आणि ते शांपूची बाटली घेऊन चिप्सच्या पिंपाकडे लंगडत गेले. मी घरीही पोती भरभरून बाटल्या नेत असे, धुऊन वाळत घालायला. सासूबाई ओसरीवरून ओरडायच्या, "अगो, शालेन शिकवाला जातंस का भंगार येचाला?" मी हसून सोडून द्यायचे. त्या वाक्यात काय दडलंय, ते तेव्हा कानाआड गेलं.

मनीषा कधीच चुकली नाही. पट्टी बांधलेली असताना नुसत्या आवाजावरून ती बाटली पाण्याची की तेलाची, हेसुद्धा सांगायची. "कुठे शिकलीस गं हे?" म्हणून मी एकदा विचारलं, तर ती म्हणाली, "माझ्या मामाचं भंगाराचं दुकान आहे, तिथे." मी विश्वास ठेवला.

मग एका सकाळी मी घणसोलीहून नेहमीपेक्षा लवकर निघाले. शाळेच्या अलीकडच्या चौकात मला मनीषा दिसली. दप्तर पाठीला, मान खाली, एकटीच चालत होती. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने एक बाई चालली होती, खांद्यावर भलं मोठं पोतं. दोघींची चाल सारखी होती. मनीषा थांबली की बाई थांबायची. शाळेचं फाटक आलं तेव्हा मनीषाने मागे न बघता डाव्या हाताने दप्तराचा पट्टा दोनदा ओढला, आणि पलीकडची बाई पुढे निघून गेली.

मला सगळं समजलं. म्हणजे, सगळं समजलं असं मला वाटलं. पोरीला आईची लाज वाटते, असा मी निष्कर्ष काढला. वाईट वाटलं, आणि खरं सांगते, जरा रागही आला. जी आई हिला इतकं ज्ञान देते, तिला ही पोर रस्त्याच्या पलीकडून चालायला लावते आणि श्रेय कुठल्यातरी मामाला देते? ही लाज आपण घालवली पाहिजे, असं मी ठरवलं. शिक्षकाच्या अंगात एकदा असं ठरवणं शिरलं की त्याला ब्रह्मदेव अडवू शकत नाही. आईला जाऊन भेटावं, दोन शब्द विचारावेत, हे मात्र मला सुचलं नाही.

वार्षिक संमेलनात 'आवाज ओळखा'चं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. पटांगणात मांडव, पालक बसलेले, व्यासपीठावर पाहुणे. मनीषाने पट्टी बांधून दहाच्या दहा वस्तू ओळखल्या. शेवटी पाहुण्यांनी गंमत म्हणून आपल्या खिशातली पेनाची नळी मोडली, तीही तिने ओळखली. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी तिच्यासमोर माइक धरला आणि विचारलं, "बेटा, हे एवढं सगळं तुला कुणी शिकवलं?"

"माझ्या मामाने," मनीषा म्हणाली. "त्याचं भंगाराचं दुकान आहे."

मी शेजारीच उभी होते. मुलाने चुकीचं उत्तर दिलं की ते तिथल्या तिथे दुरुस्त करायचं, ही सवय इतक्या वर्षांत हाडीमाशी मुरलेली. पाढा चुकला, शब्द चुकला, लगेच बाईंचा आवाज. मी माइक हातात घेतला. "मनीषा, खरं सांग बाळा," मी म्हटलं. "यात लाजायचं काही नाही. तिला हे तिच्या आईने शिकवलंय. तिची आई आपल्याच भागात कचरा वेचते. आपण टाकतो ते ती उचलते, म्हणून आपला परिसर स्वच्छ राहतो. त्या माउलीसाठी जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत."

टाळ्या झाल्या. आधीपेक्षा जास्त झाल्या. पाहुण्यांनी डोळे पुसले. मला वाटलं, आज आपण खरं शिक्षण दिलं. मनीषाने डोळ्यांवरची पट्टी काढली नव्हती. मी ती सोडायला गेले तर तिने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "राहू द्या बाई."

पुढच्या आठवड्यात जे घडलं त्यात कुणी तिला चिडवलं नाही, हे मी मुद्दाम सांगते. चिडवलं असतं तर मी दोन पोरांचे कान पिळले असते आणि विषय मिटला असता. सोमवारी सकाळी तिच्या बाकाच्या कप्प्यात तीन रिकाम्या बाटल्या होत्या. एका मुलीने आपल्या घरून आणून ठेवल्या होत्या, धुऊन, झाकण लावून. "मनीषाच्या आईसाठी," ती म्हणाली. मंगळवारी आणखी दोघांनी आणल्या. कुणी दुधाच्या पिशव्या आणल्या, कोपरा लटकता ठेवून, मी शिकवल्याप्रमाणे. शनिवारपर्यंत तिच्या बाकाखाली पाय ठेवायला जागा उरली नाही. मी वर्गात त्या मुलांचं कौतुकसुद्धा केलं. मनीषा शेवटच्या घंटेनंतर ते सगळं एका पिशवीत भरायची आणि फाटकाबाहेर न्यायची. दप्तर एका हातात, पिशवी दुसऱ्या हातात. आता रस्त्याच्या पलीकडे चालण्यात अर्थच नव्हता. त्या बाटल्यांत चेष्टा किती नि माया किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या सोमवारी ती आली नाही. बुधवारी तिची आई आली. पोतं फाटकाबाहेर ठेवून, पदर नीट घेऊन, शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. जालन्याकडची बाई, माझ्याहून लहान असेल, पण चेहरा माझ्याहून थकलेला.

"मनीषाचा दाखला पायजे," ती म्हणाली.

मी तिला बसायला खुर्ची दिली. ती बसली नाही. मी सुरू केलं. मुलीची हुशारी, आईबद्दल अभिमान, लाज कशी मनातून काढली पाहिजे. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, तिला लाज न्हाई वाटत," ती म्हणाली. "सुट्टीच्या दिशी पहाटं मह्यासंगं येती ती. पोतं उचलती. ते मामाचं दुकान मीच सांगितलं होतं तिला. आम्ही दोघींनी ठरवलं होतं."

"पण कशाला? खोटं का सांगायचं?"

"दुकान म्हनलं की लोक पुढं इचारत न्हाईत. आई कचरा येचती म्हनलं की समदेच इचारतेत. कुठं ऱ्हाता, काय खाता, बाप काय करतो. कुनी जुने कपडे देतं, कुनी भाकर देतं. वाईट न्हाई देत कुनी. पर मला तिला साळंत नुसती मनीषा राहू द्यायचं होतं. येवढंच."

मी म्हटलं, "माझं चुकलं." आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या पालकाला म्हटलं असेन. ती म्हणाली, "तुमी चांगल्यासाठीच केलं, बाई." त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मनीषाची मावशी कामोठ्याला राहत होती. तिथल्या शाळेत नाव घालणार होते, आणि पोर मावशीकडेच राहणार होती. म्हणजे बारा वर्षांची मुलगी आईपासून वेगळी झाली. कचऱ्यामुळे नाही. मी माइक हातात घेतला म्हणून. मी तिला थांबवायचा प्रयत्न केला, मुख्याध्यापकांना मध्ये घातलं, पण तिची आई हो हो म्हणत राहिली आणि दाखला घेऊन गेली. कपाटातल्या साडीच्या काठांच्या पट्ट्यांमध्ये एक कमी आहे, हे मला पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं.

आता आणखी एक कबुली. 'आवाज ओळखा' मी बंद केला नाही. तो दुसऱ्या शाळांत गेला, त्याचा अहवाल वर गेला, अहवालात 'संकल्पना' असा एक रकाना असतो, त्यात मी माझं नाव लिहिलं. मनीषाचं लिहिलं असतं तर पुन्हा तिचा शोध निघाला असता, अशी मी मनाची समजूत घातली. समजूत सोयीची होती. मला उपक्रमशील शिक्षिका म्हणून शाल मिळाली, त्या सत्काराचा फोटो घरी भिंतीवर आहे. सुनेने लावलाय, मी काढला नाही.

निवृत्त झाल्यावर मी मुलाकडे कामोठ्याला आले. इथे मोठी सोसायटी आहे. यंदा गणपतीत मुलांसाठी कार्यक्रम होता, 'खेळातून कचरा वर्गीकरण'. सूचनाफलकावर तेवढंच लिहिलं होतं. मी म्हाताऱ्यांच्या रांगेत खुर्ची धरून बसले, दुसऱ्याचा तास कसा होतो ते बघायला. निवृत्त शिक्षकाचं ते एक व्यसन असतं.

चुडीदार घातलेली, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली तिशीच्या आतली तरुणी माइक घेऊन उभी राहिली. तिने एका मुलाला पुढे बोलावलं आणि पिशवीतून पट्टी काढली. विटक्या जांभळ्या रंगाची, जरीचा काठ. माझ्या जांभळ्या इरकलीचा काठ.

तिने मुलाच्या डोळ्यांवर ती बांधली, माइकजवळ बाटली नेली आणि दाबली. कडकड. "पाण्याची!" मुलगा ओरडला. मुलं आनंदाने उड्या मारायला लागली. मनीषा किती छान शिकवत होती! मुलाचं उत्तर चुकलं तर ती "चूक" म्हणायचीच नाही. "पुन्हा ऐकूया" म्हणायची आणि बाटली पुन्हा वाजवायची. हे तिला मी शिकवलेलं नव्हतं.

तेवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरींनी कौतुकाने विचारलं, "मॅडम, हे आवाजाचं तुम्हाला कोणी शिकवलं हो?"

माझ्या रांगेकडे तिची नजर आली आणि माझ्यावर स्थिरावली. तिने मला आधीच ओळखलं होतं.

"माझ्या शाळेतल्या बाईंनी," ती म्हणाली. "कार्यानुभवाच्या."

उत्तर चूक होतं. साफ चूक. बरोबर उत्तर काय आहे हे त्या मंडपात आम्हा दोघींनाच माहीत होतं. माझ्या तोंडापर्यंत शब्द आले आणि मी ते गिळले. एकदा बरोबर उत्तर देऊन बसले होते, आणि तेव्हापासून ते उत्तर त्या पोरीला कधीच देता आलं नव्हतं.

पुढचा खेळ सुरू होण्याआधी ती पाणी प्यायला बाजूला आली तेव्हा मी गेले. तिने वाकून नमस्कार केला. मी विचारलं, "आई कशी आहे गं?"

"आई आलीये की, बाई. आज सुट्टी आहे तिला. गेटबाहेर थांबलीये. किती म्हटलं आत ये, ऐकतच नाही."

मी बाहेर गेले. रस्त्याच्या पलीकडे, रसवंतीच्या शेजारी ती उभी होती. स्वच्छ साडी, खांद्यावर पोतं नाही, हातात नुसती छत्री. केस पिकलेले. तिने मला लगेच ओळखलं. मी रस्ता ओलांडून तिच्याजवळ गेले.

"चला ना आत," मी म्हटलं. "तुमची लेक किती छान शिकवते, बघा तरी."

"बघते की हितून. ऐकू बी येतंय." ती हसली. "आत गेलं की कुनी ना कुनी इचारतं, बाई."

"मघाशी तिने माझं नाव घेतलं," मी म्हटलं. "तुमचं घ्यायला हवं होतं."

"मीच सांगितलंय तिला तसं. तुमचं नाव घेतलं की पुढं कुनी इचारत न्हाई."

हे ती अगदी सहज म्हणाली. माझ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. मामाच्या दुकानाची जागा मी घेतली होती, एवढंच. मी तिच्या शेजारी तिथेच उभी राहिले. परत आत जावं असं वाटेना.

आत मनीषाने माइकजवळ काहीतरी ठोकलं. डबडब. मुलं गोंधळली, कुणी दुधाची पिशवी म्हणालं, कुणी काही. पट्टीवाल्या मुलाला काही सुचेना.

"फुगा," तिची आई माझ्या शेजारी हळूच म्हणाली, स्वतःशीच.

"बरोबर," मी म्हटलं.